खजूर लागलेलं बोट

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आमच्या घरात अम्मीचा असतो. फळं चिरणं, भजी तळणं ही बाकीच्यांची कामं. खजुराची बी काढायची, आत किडा तर नाही ना हे बघायचं आणि बशीत मांडायचे, हे काम ती कुणाला देत नाही. वय 72. डायबेटिस होऊन 19 वर्षं झाली, इन्सुलिन सुरू होऊन सहा. डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून सांगितलं. इमामसाहेबांनी बीमाराला सवलत आहे, फिद्या द्या, असं समजावलं. अम्मीचं दोघांनाही एकच उत्तर : "मेरे हात-पाँव चलते, मैं कायकू छोडूँ?" शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि एक तक्ता लिहून दिला. सेहरीला इन्सुलिन किती, इफ्तारला किती, दिवसातून कितीदा बोट टोचायचं, साखर 70च्या खाली गेली तर तिथल्या तिथे रोजा सोडायचा, 300च्या वर गेली तर सोडायचाच आणि चार युनिट जास्त द्यायचे. बोट टोचून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, ही खात्री इमामसाहेबांकडून करून घेतल्यावरच तिनं बोट पुढे केलं.

गेल्या रमजानच्या अकराव्या रोज्याची गोष्ट. अजानला सात-आठ मिनिटं होती. खजूर मांडून झाले होते. आम्ही अम्मीचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीननं पाच सेकंद मोजले आणि आकडा दाखवला : 342. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सकाळी तर 126 होती! तक्ता भिंतीवर चिकटवलेला होताच. रोजा सोडल्यावर रोजच्या डोसात चार युनिट वाढवून इंजेक्शन दिलं. साखर एवढी वाढली म्हणून खाऊही बेतानंच दिलं. शरबत तिच्या हातातून काढून घेतलं, याचं आजही वाईट वाटतं.

रात्री दहाच्या सुमाराला आमच्यातला एक तरावीहला गेला होता, एक स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. अम्मीनं हाक मारली ती आमच्या दिवंगत अब्बांच्या नावानं. जाऊन बघितलं तर कपाळावरून घाम ओघळतोय, पंखा सुरू असूनही कुर्ता ओला, बोलणं भलतंच. मशीन लावलं. 52. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी 88 झाली, तेव्हा अम्मी म्हणाली, "इतने लोगां कायकू जमा हुए?"

अमरावतीला आमची लेक रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. त्या रात्री तिला फोन लावला तो धीर मिळावा म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादीनं खजूर मांडल्यावर हात धुतले होते का?"

धुतले नव्हते. दुपट्ट्याला पुसले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला एक प्रयोग करायला लावला. एक पट्टी वीस रुपयांना पडते, म्हणून आम्ही जरा कुरकुरलो. पण इफ्तारनंतर साबणानं हात धुऊन आमच्यातल्या एकाची, म्हणजे डायबेटिस नसलेल्याची साखर तपासली : 104. मग त्याच हातानं एक खजूर उघडला, बोट कापडाला पुसलं आणि पुन्हा तपासली : 287. एका खजुरानं आम्हालाही डायबेटिस करून दाखवला. लेक म्हणाली, हे काही नवं नाही. जपानमधल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून नेमकं हेच तपासलं होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पाच वेळा पुसूनही त्यांचे आकडे वरच राहिले. नळाखाली हात धुतल्यावरच खरा आकडा आला.

असं कसं होतं, ते तिनं ईदला घरी आल्यावर हिशोब मांडून दाखवलं. किराणा दुकानदाराला हिशोब कळतो. पट्टी रक्त ओढून घेते ते साधारण अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा दोन हजारावा भाग. साखर 118 असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं ग्रॅमच्या दशलक्षांशाच्याही सहा दशांश. एवढासा माल मोजायचा आणि त्याच तराजूत खजुराचा चिकटा आला, तर दोष तराजूचा नाही. मशीननं खोटं सांगितलं नव्हतं. बोटावर जेवढं होतं तेवढं तिनं मोजलं.

विज्ञानाचा लेख म्हटला की जाबिर बिन हय्यानपासून सुरुवात करायची आपल्यात रीत आहे. आम्ही ती मोडतो. जाबिर मोठे होतेच. पण आमच्या घरातल्या मशीनची गोष्ट आमच्या दारातल्या कांद्याच्या गोणीपासून सुरू होते, हे कळल्यापासून आम्हाला दुसरं काही सुचत नाही.

उन्हाळ्यात कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी धरते. गिऱ्हाईक नाक मुरडतं, आम्ही ती साल काढून टाकतो. लेकीनं तो कांदा हातात घेऊन सांगितलं, ही बुरशी अस्परजिलस नायजर. पट्ट्यांवर वापरतात ते ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम याच बुरशीपासून काढतात. हे एन्झाइम रक्तातली बाकी सगळी गर्दी सोडून नेमकं ग्लुकोज धरतं आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. पट्टीवरचं दुसरं एक रसायन ते इलेक्ट्रॉन हमालासारखे उचलून खालच्या कार्बनच्या किंवा धातूच्या थरापर्यंत नेतं. साखर जितकी जास्त, तितका वीजप्रवाह जास्त. मशीन तो प्रवाह मोजून त्याचा आकडा करते. विद्युत-रासायनिक संवेदक हे लेकीच्या प्रबंधातलं भारी नाव याच गोष्टीचं आहे. सहा वर्षं तो आमच्या फ्रिजवर पडून होता आणि आम्ही मात्र लोकांना सांगत होतो की पोरगी काहीतरी करते, आम्हाला कळत नाही.

याची सुरुवात अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी केली. 1956 मध्ये त्यांनी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जाहीर केला. 1962 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यावर हे एन्झाइम बसवायची कल्पना मांडली. प्रयोगशाळेत ठेवायचं यंत्र 1975 मध्ये विकायला आलं आणि पेनाएवढं, घरी वापरायचं मशीन 1987 मध्ये. कल्पनेपासून घरापर्यंत 25 वर्षं गेली. हे आकडे आम्ही लक्षात ठेवले, कारण आमच्याकडे लोक विचारतात ते वेगळं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, "काऊन बाप्पा, पोरीले अजून किती शिकवता?" आणि नातेवाईक विचारतात, आणखी किती वर्षं?

मागच्या हिवाळ्यात अकोल्याहून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीत, घरचे सभ्य, कसलीही मागणी नाही. फक्त एकच बोलले की पीएच.डी. कशाला, बी.एड. करू द्या, शाळेत लागेल, घरीही वेळ देता येईल. वाईट हेतूनं म्हणाले नव्हते. आमच्यात दोन मतं पडली. एकाचं म्हणणं, असं घर पुन्हा मिळायचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, तीन वर्षं घातलीत, आता सोडायचं का? लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही ठरवा." हे उत्तर ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. मग दोन वर्षं थांबता का, असा निरोप पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ती नेमकं काय करते, हे आता सांगतो. पेन्सिलीचं शिसं घेते. हो, स्टेशनरीच्या दुकानातलंच, कारण ते ग्राफाइट असतं आणि वीज वाहून नेतं. त्याच्या टोकावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण चढवते. सोनं म्हटल्यावर अम्मी सावध झाली, पण ते गुंजेच्याही शंभराव्या भागाइतकं नसतं, आणि मुख्य म्हणजे पिवळं नसतं. एवढ्या बारीक कणांचं सोनं पाण्यात लाल दिसतं, अगदी रूह अफजाच्या रंगाचं. तिनं मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवला तेव्हा अम्मीला ते रूह अफजाच वाटलं. नॅनो म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढं बारीक करून मिळतं काय? खडीसाखर आणि पिठीसाखर सारख्याच वजनाची घ्या आणि पाण्यात टाका. पिठीसाखर पटकन विरघळते, कारण तिचा जास्त भाग पाण्याला भिडतो. तसंच कण बारीक झाले की त्याच टोकावर एन्झाइमला बसायला जागा वाढते आणि इलेक्ट्रॉनची ने-आणही सोपी होते.

या टोकावर ती जे एन्झाइम बसवते, ते साखरेचं नाही. ते आपल्या नसांमध्ये असतं. एका नसेनं दुसऱ्या नसेला दिलेला निरोप पोचला की तो पुसून टाकायचं काम ते करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं त्याला जखडून टाकतात. मग निरोप पुसलेच जात नाहीत. अळी त्यानं मरते आणि माणूसही त्यानंच मरतो. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले, ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. मूर्तिजापूरहून निघणारी शकुंतला त्याच यवतमाळला जायची. कापूस तिकडचा आणि इकडचा एकच. आमच्या एका नातलगालाही त्या हंगामात उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस असं झालं होतं. तो वाचला. लेक तेव्हा बारावीला होती.

तर तिच्या पट्टीचं काम उलट्या चालीचं आहे. एन्झाइम मोकळं असेल तर प्रवाह पूर्ण येतो. भाजीच्या रसात विष असेल तर एन्झाइम जखडलं जातं आणि प्रवाह घटतो. किती घटला, त्यावरून विष किती ते कळतं.

इथपर्यंत ऐकून आम्ही विचारलं, मग बाजारात का येत नाही? या प्रश्नावर ती जे बोलली, ते आम्हाला तिच्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोठं वाटलं. ती म्हणाली, जगभर असे हजारो निबंध छापून आलेत. प्रत्येकात आधीच्यापेक्षा कमी विष पकडल्याचा दावा असतो. पण बहुतेकांनी ते स्वच्छ पाण्यात पकडलेलं असतं. भाजी म्हणजे पाणी नाही. तिच्यात आम्लं, रंग, जीवनसत्त्वं, माती, सगळं असतं आणि यातलं बरंच काही पट्टीला चकवतं. साखरेच्या मशीनचं नशीब वेगळं होतं. रक्तात साखर भरपूर असते. लिटरला हजार मिलिग्रॅमच्या वर. आणि ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, ते अन्नात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच्या वर नको, असा आपला नियम आहे. म्हणजे लाखपट कमी माल शोधायचा. शिवाय डायबेटिसवाला पट्टी रोज विकत घेतो, जन्मभर घेतो. मेथीची जुडी तपासायला वीस रुपयांची पट्टी कोण घेईल, जेव्हा जुडीच दहा रुपयांना मिळते?

दुकानदार म्हणून या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

काम होतंय, तेही खरं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेल्या पाथशोध कंपनीनं एकाच छोट्या यंत्रावर डायबेटिसच्या अनेक तपासण्या करायची सोय केली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात संवेदकांचं वेगळं केंद्र आहे. पण प्रयोगशाळा ते आमच्या दुकानाचा काउंटर हे अंतर अजून फार लांबचं.

आणि गरज कुठे आहे, ते आम्हाला काउंटरवरून दिसतं. कांद्यावरच्या त्या काळ्या बुरशीची एक बहीण आहे, अस्परजिलस फ्लेव्हस. शेंगदाणा, मका, सरकी ओल धरून राहिली की तिच्यावर ही हिरवट-पिवळी बुरशी येते आणि अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. त्यानं यकृताचा कॅन्सर होतो. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर असला मका खाऊन 106 माणसं मेली होती. धान्यात आणि डाळीत हे विष किलोमागे 15 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, असा नियम आहे. क्विंटलच्या पोत्यात दीड मिलिग्रॅम! तांदळाच्या एका दाण्याचा दहावा भाग धरा. आम्ही वीस वर्षं शेंगदाणा नजरेनं आणि वासानं घेतोय. एवढंसं विष कुणाच्या नाकाला कळणार? ढेप खाणाऱ्या जनावराच्या दुधातूनही ते आपल्या चहात येतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले. जिवाला धोका होईल अशी भेसळ फक्त 12 नमुन्यांत निघाली, पण अफलाटॉक्सिन 5.7 टक्के नमुन्यांत मर्यादेच्या वर होतं. आपण दुधात पाणी किती, यावर भांडत राहतो. आता आम्ही दमट वासाचं पोतं स्वस्त मिळालं तरी परत पाठवतो. तेवढंच हातात आहे.

पाण्याचंही तसंच. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा साडेचार लाख हेक्टरांहून मोठा आहे आणि आमच्या तालुक्यातली गावं त्यात आहेत. मावशीच्या गावी बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. चहा फाटतो. किडनीच्या दुखण्यानं गेलेली माणसं तिथे प्रत्येक गल्लीत मोजता येतात. लेकीनं ईदच्या दुसऱ्या दिवशी तिथे नेऊन टीडीएसचं पेन बुडवलं. 500च्या आत हवा तो आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला. मावशीच्या सुनेनं विचारलं, "यात किडनी खराब करणारं काय आहे, ते पण दाखवतं का?" नाही दाखवत. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं. क्षार किती ते कळतं, कोणते ते कळत नाही. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत आहे का, फ्लोराइड किती, यासाठी बाटली भरून प्रयोगशाळेत न्यावी लागते. लेकीनं दोन बाटल्या भरून घेतल्या. परतताना ती फारशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी मेथी सोडून हे करायला हवं होतं का?" विषय बदलला तर तीन वर्षं वाया जातील. आम्ही काय सांगणार? आम्ही तिला जेवायला वाढलं.

अमरावतीला परत गेल्यावर महिन्याभरानं तिचा फोन आला. पट्टी साध्या पाण्यात बरोबर चालते, मेथीच्या रसात चुकते. रसाची चूक किती आणि विषाची किती, हे वेगळं करायला तिला अशी मेथी हवी होती जिच्यावर कधीच काही मारलेलं नाही. "शेतकरी ओळखीचे आहेत, बघा ना," म्हणाली.

आम्हाला वाटलं, हे काय अवघड आहे! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला, घरच्यापुरती आहे, पण एक हलका हात मारला होता. दुसरा म्हणाला, मेथीवर नाही मारलं, बाजूच्या कपाशीवर मारलं, वारं इकडचंच होतं. तिसऱ्यानं नाहीच मारलं असं शपथेवर सांगितलं आणि चार दिवसांनी येऊन म्हणाला, "बायको म्हणते, बियाणालाच औषध लावलेलं होतं." दर्यापूर रस्त्यावरच्या दोन मळ्यांत आम्ही स्वतः जाऊन आलो. तीन आठवड्यांत बिनफवारणीच्या मेथीची एक जुडी आम्हाला पक्क्या खात्रीनं मिळाली नाही.

ही सगळी धावपळ अम्मी बघत होती. ती रोज सकाळी मेथीदाणे भिजवून खाते, साखरेसाठी. एक दिवस तिनं त्यातलेच मूठभर दाणे बाजूला काढले, गच्चीवरच्या तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडून घेतली आणि माती भरून पेरले. पाणी नगरपालिकेच्या नळाचंच घालायचं, बोअरचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. लेकीला फोनवर सांगितलं, "वीस दिन ठैर."

काल बाराव्या दिवशी मेथी चार बोटं वर आली आहे. खालच्या एका पानाला मावा लागल्यासारखा दिसतो. अम्मी सकाळी चष्मा लावून एकेक पान उलटं करते आणि तो बोटानं पुसून काढते. मग खाली येऊन नळाखाली दोन्ही हात धुते, आणि आमच्याकडे बघत बोट पुढे करते.